हातचा एक

शाळेला सुट्टी होती, म्हणून बैठक तिसरीच्या वर्गात.
सहा जण आम्ही, गुडघे बाकाखाली मावत नव्हते.
फळ्यावर कुणा पोराची बेरीज अर्धी राहिलेली,
डोक्यावर हातचा एक, खाली उत्तर नाही.

अर्लीन यॉनने ती पुसली नाही.
उरलेल्या जागेत खडूने रकाने आखले:
उरले किती. खर्च किती. जगायची आशा, दहापैकी.
पैसे एकोणीस हजार पौंड, पुढच्या जुलैपर्यंत.
लंडनहून आलेले पाहुणे म्हणाले,
एकाला हो म्हणताना कुणाला नाही म्हणतोय ते बघा.
त्यांचं विमान शनिवारी होतं.
सेंट हेलेनावर वारा सुटला तर तेही नाही.

पहिला तारपक्षी.
तारेसारखे पाय, माळावर तुरुतुरु पळणारा.
तो आमच्या झेंड्यावर आहे,
बेटावरचं पोर पहिला पक्षी काढतं तो हाच.
त्याची अंडी मांजरं खातात.
आठ.

मग पिवळा काटेरी किडा. नखाएवढा.
हाय पीकच्या धुक्यात, नेच्यांच्या ओल्या पानांखाली,
रात्री जांभळा दिवा धरला की
कुणीतरी आतून काडी ओढल्यासारखा उजळतो.
सात वर्षं मी त्यांना मोजतो.
म्हटलं, हा उतार राखला तर याच्यासोबत
इतर कितीतरी वाचतील, ज्यांना अजून नावही नाही.
पाहुण्यांनी मान हलवली. मी बोलतच राहिलो,
अर्लीनने घड्याळ पाहिलं तेव्हा थांबलो.
सात.

शेवटी एझराचं झाड.
एझरा बेंजामिन हरवलेली शेळी शोधायला गेला होता,
कड्याच्या ओठावर त्याला हे दिसलं.
शेळी सापडली नाही.
जगात एवढं एकच.
दर जुलैत पांढरं फुलतं, अंगभर,
आणि बी धरत नाही, स्वतःचे पराग त्याला चालत नाहीत.
कलमं केली अठरा. अठराच्या अठरा कुजली.
आशेचा रकाना आला
तसे सगळे माझ्याकडे बघू लागले,
कारण त्याचं कुंपण मी घातलं होतं.

शून्य, मी म्हणालो.
घशातून नीट निघालं नाही, अर्लीनने पुन्हा विचारलं.
तेव्हा पुन्हा म्हणालो.

बुधवारी वर गेलो, पक्कड घेऊन,
सोबत एझराचा नातू कॉर्टनी.
तार इथे बोटीने येते, आली तर.
तारपक्ष्यांच्या माळाला चाळीस मीटर कमी पडत होती,
आणि झाडाभोवती होती चाळीसच.
हिशोब इतका चोख जुळावा
याचाच राग आला.

मी तार गुंडाळत गेलो, तो खांब उपटत गेला.
झाड कड्याकडे पाठ करून उभं,
एक फांदी माझ्या बाहीत अडकली, सोडवून घेतली.
खाली उतारावर सशांच्या ताज्या लेंड्या होत्या.
दोघांनीही पाहिल्या, दोघंही काही बोललो नाही.

येताना कॉर्टनी म्हणाला, आजोबांना सांगायचं नाही.
एझराला आता दिसत नाही.
जुलै लागला की रोज विचारतो, फुललं का?
फुललं म्हणायचं.
ते खोटं नाही.

संध्याकाळी कचेरीत वही उघडली.
तार, चाळीस मीटर, जमा.
खांब अकरा, जमा.
बारावा खडकात घट्ट बसलाय, निघाला नाही, असं लिहिलं
आणि खाली सही केली.

बाराव्याला आम्ही हात लावला नव्हता.